ठोक्याची खाच

वहीवाली पहिल्यांदा आली तेव्हा आमच्या खोल्यांच्या ओळीतल्या बायांनी दारं लोटून घेतली. याआधी हातात वही घेऊन जो माणूस आला होता, त्याने वरच्या ओळीतल्या खोल्या मोजल्या होत्या, आणि पुढच्या वर्षी त्यातल्या अकरा पाडल्या गेल्या. तेव्हापासून वही दिसली की आमच्याकडे आधी कडी लागते, मग चौकशी होते.

माझं दार उघडं राहिलं, कारण माझे गुडघे उठायला वेळ घेतात.

"आजी, आत येऊ का?"

"आलीच आहेस. चपला तिकडे काढ, चिखल आहे."

पोरगी पंचविशीची असेल. खांद्याला पिशवी, हातात जाड वही, आणि काडेपेटीएवढं एक आवाज धरायचं यंत्र. खाणीच्या जुन्या कचेरीत संग्रहालय होणार आहे, म्हणाली. खाणीवर राहिलेल्या घरांच्या आठवणी ती गोळा करत होती.

"नेऊन काय करणार?" मी विचारलं.

"जपून ठेवणार, आजी."

"आमच्याकडे काय नासताहेत का त्या?"

सून आत भांडी घासत होती, ती हसली. पोरगीही हसली, पण उठली नाही. चिकाटीची होती. म्हणाली, कचेरीच्या दाराशी एक दगडी पाटी लागणार आहे. अडतीस वर्षांपूर्वी खाणीतल्या तिसऱ्या फाट्यात, म्हणजे बोगद्याच्या तिसऱ्या फांदीत, छत बसलं तेव्हा जी माणसं गेली त्यांची नावं त्यावर कोरायची आहेत. कंपनीच्या जुन्या यादीत सात नावं आहेत. पण माणसं आठ गेली होती. आठव्याबद्दल लोक निरनिराळं सांगतात. घरोघरी ऐकून घ्यायचं आणि मग समिती ठरवणार, आठवं नाव घालायचं की नाही.

माझा मुलगा गवंडी आहे. तो दारात बसून थापी धूत होता. त्याचा हात थांबला.

"आठवा माझा बाप," तो म्हणाला.

पोरीने वही उघडली. मी तिला विचारलं, "माझ्याआधी कुणाकडे गेली होतीस?"

"शेवटच्या खोलीत. दिवेवाल्या आजोबांकडे. त्यांनी चहा दिला, पण बोलले काही नाहीत."

माझ्या मनात पाल चुकचुकली. जो माणूस कुणाला चहा पाजायलाही आढेवेढे घेतो, त्याने हिला चहा दिला आणि तोंड उघडलं नाही. का?

"लिही," मी म्हणाले. "यंत्र लाव नाहीतर. मी सांगते."

माझा नवरा खाणीत ठोक्या होता. सकाळी सगळ्यांच्या आधी तो आत जायचा. हातात लांब सळई. तिने छत ठोकत जायचं आणि ऐकायचं. धड खडक खणखणतो. सुटलेला खडक बद्द वाजतो, भिजलेल्या पखालीसारखा. ठोकून झालं की तो तिथल्या लाकडी टेकूवर कुऱ्हाडीने खाच मारायचा. एक खाच म्हणजे जागा धड आहे, कामाला लागा. दोन खाचा, एकीवर एक, म्हणजे याच्या पुढे कुणी पाऊल टाकायचं नाही.

छत बसलं त्यानंतर चौकशी झाली. फाटकाशी कागद वाचून दाखवला. टेकूवर एक खाच होती, जागा ठोक्याने धड ठरवली होती, दोष ठोक्याचा. सात जणांची नावं वाचली. माझ्या नवऱ्याचं नाव वाचलं ते निराळ्या परिच्छेदात.

"पण खाचा दोन होत्या," मी यंत्राकडे बघून म्हणाले. "आदल्या संध्याकाळी तो मला म्हणाला होता, तिसऱ्या फाट्यात मला बरं वाटत नाही. असं म्हणणारा माणूस एक खाच मारेल का? दोन होत्या. मुकादमाने माणसं तरीही आत घातली आणि मग लाकूड गायब केलं."

मुलाने थापी खाली ठेवली होती. हे तो लहानपणापासून ऐकत आला होता. शाळेत पोरं त्याच्यामागे बाकावर टकटक करून विचारायची, "सांग रे, खणखणीत की बद्द?" तो मारामारी करून घरी यायचा आणि मी त्याच्या कोपराला हळद लावत हेच सांगायची. सांगता सांगता मला त्या दोन खाचा दिसायलाही लागल्या होत्या. वरची जरा खोल, खालची उथळ.

एक गोष्ट मी पोरीला सांगितली नाही. मुलालाही कधी सांगितली नव्हती. शेवटच्या वर्षी माझ्या नवऱ्याला नीट ऐकू येत नव्हतं. सुरुंगांनी कान गेले होते. घरात मी त्याच्याशी समोर जाऊन, ओठ हलवून बोलायची. तो छताला तळवा लावून ठोकायचा, थरथर हाताला कळते म्हणायचा. लोकांना वाटायचं ही त्याची लकब आहे. बहिऱ्या ठोक्याला कुणी कामावर ठेवत नाही, म्हणून आम्ही दोघांनी ते झाकलं.

पोरगी गेल्यावर अर्ध्या तासात दिवेवाला काठी टेकत आला. उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"वहिनी, काय सांगितलंत तिला?"

"जे घडलं ते. का, भाऊजी?"

"काही नाही. सहज."

सहज विचारायला हा माणूस चिखलातून दहा दारं ओलांडून येत नाही.

दिवेवाला खाणीच्या तोंडाशी दिव्यांच्या खोलीत होता. खाली उतरणाऱ्याचा नंबर पुकारायचा, खिडकीतून दिवा द्यायचा, माणूस वर आला की परत घ्यायचा. आता एक्क्याऐंशीचा. बायको जाऊन तीस वर्षं झाली, मूलबाळ नाही. आमच्या ओळीतल्या सगळ्या खोल्यांची तुळई खाणीतून निघालेल्या जुन्या टेकूंची आहे. खाण ती लाकडं आम्हाला घरासाठी द्यायची. प्रत्येक घरात मान वर केली की कुठल्यातरी ठोक्याची एक खाच दिसते. दोन खाचांचं लाकूड मात्र कुठेच नाही, कारण तसली जागा सोडून देत, तिथलं लाकूड काढायला कोण जाणार. आणि एकट्या दिवेवाल्याच्या आतल्या खोलीतली तुळई झाकलेली होती. वर कागद चिकटवून दरवर्षी चुना मारायचा. त्याची बायको गेली तेव्हा मी ते पहिल्यांदा पाहिलं. तेव्हापासून माझी खात्री होती. कंपनीचं मीठ खाल्लेला माणूस, दोन खाचांचं लाकूड त्यानेच घरात दडवलंय.

त्या वर्षी पाऊस तीन आठवडे हटला नाही. वरचा उतार सुटला आणि दिवेवाल्याची मागची भिंत इतकी फाटली की भेगेत हात जाईल. कचेरीतून माणूस येऊन सांगून गेला, पडायच्या आधी पाडा. खालच्या ओळीत त्याला एक रिकामी खोली मिळाली. पाडायचं काम माझ्या मुलाला मिळालं, आणि वहीवालीने बजावून ठेवलं, खाचांची लाकडं तोडायची नाहीत, संग्रहालयाला हवी आहेत.

पहिल्या दिवशी पत्रे उतरवले. मुलगा वर, सून खाली. पत्र्याला गंज चढून कडा सुरीसारख्या झाल्या होत्या. सुनेच्या मनगटावर एक ओरखडा आला, तिने तो तोंडात धरला आणि दुसऱ्या हाताने पुढचा पत्रा घेतला. मी दगडावर बसून वाकडे खिळे सरळ करत होते. माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांना टोकाशी काही लागत नाही. खाणीवर मी निवडणीला होते, फिरत्या पट्ट्यावरून खडी वेचून टाकायची, एकोणीस वर्षं. हातोडी बोटावर बसली तरी मला डोळ्यांनी बघूनच कळतं.

दिवेवाला बोळात आपल्या ट्रंकेवर छत्री धरून बसला होता.

दुपारनंतर मुलगा आतल्या खोलीच्या तुळईपाशी आला.

"ती राहू दे," दिवेवाला म्हणाला.

"काका, भिंतच नाही तर तुळई काय हवेत राहणार?"

"मग करवतीने तुकडे कर. मला थंडीत जाळायला होतील."

"खाचांची लाकडं तोडायची नाहीत, सांगितलंय."

"तिच्यावर खाच नाही."

"मग चुना कशाला?" मी बसल्या जागेवरून विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "वाळवी लागते, वहिनी."

"सगळ्या ओळीत तुमच्या एकट्याच्याच तुळईला?"

समोरच्या दारात शिवणवाली बाही टाचत उभी होती. ती सुई दातात धरून म्हणाली, "खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही." आणि आत गेली. मलाही चटका बसला, पण तो मी कुणाला दाखवला नाही. अंधारून आलं म्हणून काम थांबलं.

दुसऱ्या दिवशी दिवेवाला आमच्याआधी येऊन बसला होता. बारीक पाऊस चालू होता. मुलाने तुळईच्या दोन्ही टोकांना दोर बांधला, पहारीने भिंतीतल्या खोबणीतून सुटी केली, आणि एका टोकाला तो, दुसऱ्याला सून, असं करत ती खाली घेतली. जड लाकूड. जमिनीवर टेकताना सुनेचे पाय घसरले, पण दोर तिने सोडला नाही.

मुलगा थापीच्या कडेने चुना खरवडायला लागला. चुन्याखाली कागद, कागदाखाली पुन्हा चुना, पुन्हा कागद. तीस-पस्तीस थर असतील. मी खिळे टाकून उठले. गुडघ्यांनी कुरकुर केली, तरी उठले.

खाच निघाली. डावीकडून उजवीकडे उतरत गेलेली. बाकीच्यांच्या खाचा उजवीकडून डावीकडे उतरतात. माझा नवरा डावखुरा होता. त्याची खाच मी हजारात ओळखली असती.

एकच होती.

मुलाने पुढचं लाकूड खरवडलं. मग मागचं. मग तुळई उलटी केली आणि दुसरी बाजू खरवडली. शेवटी थापी टाकून बोटांनी चाचपत गेला, वरून खाली, खालून वर. त्याची नखं चुन्याने भरली.

"दुसरी?" त्याने विचारलं. कुणाला विचारलं ते कळलं नाही.

दिवेवाला ट्रंकेवरून उठला. "दुसरी वरच्या तुकड्यात होती," तो म्हणाला. "लाकूड खोलीत बसेना म्हणून मी वरून कापलं. तुकडा चुलीत घातला."

"काय म्हणालात?"

"दोन होत्या. तुझ्या बापाने दोन मारल्या होत्या. वरिष्ठांनी सांगितलं गप्प बस, मी गप्प बसलो."

मुलगा त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. माझा मुलगा दांडगा आहे, दगड घडवून हात पहारीसारखे झालेत. मला वाटलं आता मारतो. त्याने मारलं नाही. त्याने म्हाताऱ्याच्या हातातून छत्री काढून घेतली, मिटली, आणि समोरच्या भिंतीला टेकवून ठेवली. दिवेवाला तसाच उभा राहिला. पाणी त्याच्या भुवयांवरून गळत होतं. सुनेने मान वळवली. शिवणवाली पुन्हा दारात आली होती.

मी खाली पडलेले खिळे गोळा करायला लागले.

तुळई मुलाने आमच्या पडवीत आणून ठेवली. तो वहीवालीला निरोप द्यायला गेला, सून आत गेली, तेव्हा मी खाली बसले आणि खाचेवर अंगठा ठेवून वीत ताणली. दुसरी खाच पहिलीच्या बरोबर वीतभर वर मारतात. हे खाणीवरच्या जुन्या माणसांना माहीत, पोरांना कुठून असणार. माझी वीत संपली तिथे लाकूड कोरं होतं. त्याच्या वर आणखी चार बोटं लाकूड शिल्लक होतं. तो तुकडा कापलेला असो नाहीतर नसो, दुसरी खाच त्यात असणं शक्य नव्हतं.

संध्याकाळपर्यंत बातमी दोन्ही ओळींत झाली. "अडतीस वर्षं साप पाळला आपण," शिवणवाली म्हणाली. दिवेवाल्याची ट्रंक उचलायला कुणी पुढे झालं नाही. त्याने ती चिखलातून ओढत खालच्या ओळीत नेली, दर चार पावलांवर थांबत. सून रोज त्याला चहाचा पेला नेऊन द्यायची. त्या दिवशी तिने पेला भरला, नवऱ्याकडे पाहिलं, आणि तो स्वतःच पिऊन टाकला.

मुलगा मात्र खुशीत होता. इतक्या वर्षांत मी त्याला असं पाहिलं नव्हतं. आठवं नाव मीच कोरणार, असं त्याने वहीवालीला सांगून टाकलं होतं. परवा सकाळी दहाला ती कचेरीत दिवेवाल्याचं बोलणं नोंदवून घेणार होती. मुलाने पडवीतल्या फरशीवर कोळशाने बापाचं नाव लिहून पाहिलं. एकदा मोठ्या अक्षरांत, एकदा बारीक. "बाकीच्यांएवढंच हवं," तो म्हणाला. "मोठं नको. लोक म्हणतील, पोराच्या हातात छिन्नी होती म्हणून."

"हो," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खालच्या ओळीत गेले. उतार निसरडा होता, बसत बसत उतरले. दिवेवाला नव्या खोलीत स्टोव्ह पुसत होता. खोलीला ओलीचा वास होता. त्याने मला बसायला ट्रंक दिली आणि स्वतः जमिनीवर बसला.

"का सांगितलंत तसं?"

"कसं?"

"दुसरी खाच वीतभर वर असते, भाऊजी. मी मोजलं."

तो स्टोव्ह पुसत राहिला. "मुलाने मोजलं?"

"त्याला ठाऊक नाही."

"मग तुम्ही कशाला मोजायला गेलात, वहिनी?"

मी म्हणाले, "मला वाटत होतं, तुम्ही दोन खाचा लपवून ठेवल्यात."

"माहीत होतं. माझी बायको दारात निजवली होती आणि तुम्ही छताकडे बघत होतात."

"राग नाही आला?"

"आला की. पण सांगू कुणाला? जिला सांगायचं तीच गेली होती." त्याने फडकं पिळलं. "चौकशी झाली आणि ते लाकूड ढिगात पडलं. कुणाच्याही घरात गेलं असतं. लोकांनी जेवताना वर बघितलं असतं आणि तुमच्या पोराला ऐकवलं असतं. म्हणून मी आणलं."

"एवढ्यासाठी?"

त्याने फडकं स्टोव्हवर वाळत टाकलं. बाहेर पन्हळीतून पाणी पडत होतं.

"एकशे चौदा," तो म्हणाला. माझ्या नवऱ्याचा नंबर. "मी पुकारायचो, तो वळायचा नाही. पुन्हा पुकारायचो, तरी नाही. मग तुम्ही समोरच्या निवडणीच्या दारातून हात करायचात आणि तो वळायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं, नवराबायकोची थट्टा चालली असेल. चार दिवसांनी कळलं."

माझे कान तापले. इतकी वर्षं मी जे मुठीत धरून बसले होते, ते हा माणूस खिडकीतून बघत होता.

"बोलला नाहीत कुणाला?"

"बोलणार होतो. मग म्हटलं, पोर लहान आहे, आज नको, उद्या बोलू. आणि दिवा दिला. दुसऱ्या दिवशीही दिला. रोज दिला, वहिनी. मी दिवा दिला नसता तर तो खाली गेला नसता."

"मी हात केला नसता तरी गेला नसता."

"आता ते राहू द्या. उद्या मी जाईन, बोलेन आणि सुटेन. माझं नाव कुठल्या दगडावर यायचंय? त्याचं येऊ द्या."

मी उठले. खरं सांगते, उतार चढताना माझं मन हलकं झालं होतं. म्हातारा स्वतःहून म्हणत होता. मुलाचं तोंड उजळलं होतं. कुणाचं काय जात होतं? असा हिशोब करत मी अर्ध्या वाटेवर आले. तिथे नळावर दोन बाया होत्या. त्यातली एक नळाजवळच राहायची, तिचा थोरला भाऊ त्या सातांतला; ती मला बघून बाजूला झाली आणि म्हणाली, "या मावशी, आधी तुम्ही भरा. आम्ही उगीच इतकी वर्षं तुम्हाला बोललो." तिने नळाखालची स्वतःची कळशी उचलून घेतली. माझ्याकडे भरायला भांडंसुद्धा नव्हतं. मी ओंजळीने तोंड धुतलं आणि घरी आले. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

सकाळी मुलगा इस्त्रीचा सदरा घालून बसला होता. दाढी केली होती. मी म्हणाले, "काकांनी खोटं सांगितलं."

तो हसला. "आता त्यांनीच कबूल केलं, तर तू त्यांची बाजू घेतेस?"

"इकडे ये."

मी त्याचा हात धरून तुळईपाशी बसवलं. त्याचा अंगठा खाचेवर ठेवला, पंजा ताणला. "दुसरी खाच वीतभर वर असते. नेहमी. तुझी करंगळी आहे तिथे."

त्याने करंगळीखालचं लाकूड बघितलं. मग स्वतःच पुन्हा वीत घेतली. मापाचं काम करणारा माणूस, त्याला दोनदा सांगावं लागत नाही.

"म्हणजे बाबांनी..."

"धड आहे म्हणून मारली. त्यांना नीट ऐकू येत नव्हतं. जवळजवळ वर्षभर."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मला माहीत होतं. मी झाकत होते. ते वळायचे नाहीत तेव्हा मी खूण करायची."

सून दारात येऊन उभी राहिली होती. मुलगा माझ्याकडे बघत होता, आणि ते बघणं मला झेपत नव्हतं, तरी मी मान खाली घातली नाही.

"मी शाळेत टकटक करणाऱ्या पोराचा दात पाडला होता," तो म्हणाला. "तू म्हणालीस, चांगलं केलंस."

"हो."

"परवा मी काकांना पावसात उभं केलं. तेव्हा तुला माहीत होतं?"

"संशय आला होता. नंतर मोजलं."

तो उठला. सदरा काढला, रोजचा घातला. तुळई उभी केली, खांद्यावर घेतली आणि बाहेर पडला. मला चल म्हणाला नाही. मी मागे निघाले. सगळी ओळ दारात होती. शिवणवालीने काहीतरी विचारलं, तो चालत राहिला. खालच्या ओळीत दिवेवाला कोट घालून दारात तयार उभा होता. मुलगा त्याच्यासमोर थांबला. म्हणाला, "काका, तुम्ही नका येऊ. आई बोलणार आहे."

दिवेवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मग कोटाची बटणं काढायला लागला. वरचं बटण सुटेना. माझ्या मुलाने एका हाताने खांद्यावरची तुळई सावरली आणि दुसऱ्या हाताने ते सोडून दिलं.

कचेरीत वहीवालीने यंत्र माझ्यासमोर ठेवलं. मी सांगितलं. खाच एक होती. ती त्याचीच होती. कान गेले होते. मला ठाऊक होतं आणि मी हात करत होते. मागे मी दोन सांगितल्या त्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. दिवेवाल्याने काही लपवलं असेल तर ते आमच्यासाठी.

पोरीने लिहायचं थांबवलं होतं. "आजी, हे समितीपुढे गेलं तर नाव..."

"गेलं तर गेलं. तू लिही."

"आधीचं पुसून टाकू?"

"ते तुझं काम. मला नको विचारूस."

मुलगा भिंतीला टेकून उभा होता. यंत्र बंद झाल्यावर त्याने तुळई कुठे ठेवायची ते विचारलं, ठेवली, आणि आम्ही निघालो. चढावर वाहून गेलेली जागा आहे, तिथे पायरी उरलेली नाही. तो वर जाऊन थांबला. हात दिला नाही. मी गवताला धरून चढले, दोनदा बसले. पोहोचेपर्यंत तो थांबून होता.

"त्या सातांपैकी किती घरं अजून इथे आहेत?" त्याने विचारलं.

"तीन."

"त्यांना दुसऱ्याकडून कळायच्या आत आपण जायला हवं."

"जाऊ."

"मी काही बोलणार नाही. मी बसेन फक्त. तू सांगायचंस."

"सांगेन. उद्या जाऊ या का?"

"आज," तो म्हणाला. "नळाजवळचं घर आधी." आणि माझ्या गुडघ्यांना जमेल एवढ्या चालीने तो पुढे चालायला लागला.